साहेबांचं देणं

आमच्या कारखान्याच्या पाटीवर दोन शहरांची नावं आहेत, कोल्हापूर आणि नैरोबी. पहिलं वडिलांमुळे आहे, दुसरं साहेबांमुळे. शिरोली एमआयडीसीत कडबाकुट्टी यंत्रं बनवणाऱ्या एका लहान कारखानदाराने आफ्रिकेत कंपनी काढली याचं लोकांना कौतुक वाटतं. चार ठिकाणी बोलावतात, शाल देतात. दर वेळी मला वाटतं, ही शाल भलत्याच खांद्यावर पडते आहे. ज्यांच्या खांद्यावर ती पडायला हवी होती ते २०२१च्या मे महिन्यात गेले. त्या दिवसांत कोल्हापुरात कुणाच्या अंत्यदर्शनालाही जाता येत नव्हतं. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवता आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

साहेब म्हणजे एका सरकारी बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेले अधिकारी. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी पूर्व आफ्रिकेत काढली, आधी कंपालाला, मग नैरोबीला. निवृत्तीनंतर ते कोल्हापुरात राजारामपुरीत राहत. आपलं नाव छापून यावं असं त्यांना कधी वाटलं नाही. आमच्या एका स्मरणिकेत त्यांचे आभार मानायचं मी म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. तो पाळून इथेही मी त्यांना साहेबच म्हणतो.

गोष्ट २०१८ सालची. राजकोट आणि पंजाबातून येणाऱ्या मालाने कडबाकुट्टीचे भाव पडले होते. अनुदानाच्या योजनांतले पैसे वेळेवर हाती येत नव्हते. वडिलांच्या वेळची लेथ आणि मिस्त्री तेवढे भरवशाचे होते. परदेशात जायचं माझ्या डोक्यात आलं ते धाडसापोटी नव्हे, इथे श्वास कोंडला होता म्हणून. कुठे जायचं याची मला काहीच कल्पना नव्हती. पुण्यातल्या एका सल्लागाराने पैसे घेऊन छान बांधलेली फाइल दिली. तिच्यात जागतिक बँकेची व्यवसायसुलभतेची क्रमवारी होती. त्या वर्षी रवांडा ४१वा, केनिया ८०वा, आपला भारत १००वा आणि इथिओपिया १६१वा होता. रवांडात दिवसभरात कंपनीची नोंदणी होते, हे वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित केलं होतं. माझ्या सीएंचं मत दुबईच्या बाजूने होतं. तिथे तेव्हा कंपन्यांना प्राप्तिकर नव्हता आणि जेबेल अलीचा मुक्त विभाग १९८५ पासून नावाजलेला. माझं स्वतःचं मन मात्र इथिओपियाकडे ओढत होतं, कारण आफ्रिकेत सगळ्यात जास्त जनावरं त्या देशात आहेत असं मी वाचलं होतं. जास्त जनावरं म्हणजे जास्त कडबाकुट्ट्या, इतकाच माझा हिशोब होता.

बँकेतल्या मॅनेजरांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "आमचे एक जुने साहेब आहेत, त्यांना एकदा दाखवा." मी गेलो. साहेबांनी सगळी फाइल वाचली. मधे एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी आणलेला चहा निवून गेला. मग फाइल मिटून त्यांनी विचारलं,

"कडबाकुट्टी घेतो कोण?"

"ज्याच्याकडे जनावरं आहेत तो, साहेब."

"नाही. ज्याची जनावरं दावणीला बांधलेली आहेत तो. रानात चरून येणाऱ्या जनावराच्या मालकाला तुझं यंत्र कशाला लागेल?"

मी तीस वर्षं या धंद्याच्या वासात वाढलो होतो आणि हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. इथिओपियातली बहुतेक गुरं माळावर चरतात किंवा नांगराला जुंपली जातात. त्यांची संख्या कितीही मोठी असली तरी ती माझ्या गिऱ्हाइकांची संख्या नव्हती.

दुसरा प्रश्न होता: तो माणूस पैसे कशातून देणार? मी म्हटलं, दूध विकून. त्यावर ते म्हणाले, "मग दूध विकत कोण घेतो आणि किती दिवसांनी पैसे देतो ते शोध. ते कळेपर्यंत देशाचं नाव घेऊ नकोस."

देश निवडण्याआधी दावण शोधायची, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. त्या पावसाळ्यात मी जे वाचलं ते वाचायला मला त्यांनी शिकवलं. क्रमवाऱ्या बाजूला ठेवल्या आणि दूध कुठून कुठे जातं ते बघू लागलो. केनियाचा मध्य डोंगराळ भाग, कियांबू, मुरांगा, न्येरी हा दाट वस्तीचा. जमिनीचे तुकडे लहान, एकेका घरी दोन-तीन संकरित गाई, त्या दारात बांधलेल्या. बांधावर आपलं हत्तीगवत, ते कापून गव्हाणीत टाकायचं. दूध सहकारी संस्थेला घालायचं आणि महिन्याला हिशोब घ्यायचा. रवांडातही दावणीच्या गाई होत्या. तिथल्या सरकारने २००६ पासून गरीब कुटुंबांना एकेक गाय द्यायची 'गिरिंका' योजना चालवली आहे. त्यामुळे साहेबांच्या कसोटीवर रवांडा पहिल्या फेरीत टिकला. इथिओपिया आणि दुबई मागे पडले.

दुबई मी सहज सोडली नाही. मसाल्याच्या धंद्यात तिथे एवढं मोठं नाव कमावणाऱ्या धनंजय दातारांचं उदाहरण मी पुढे केलं. साहेबांना त्यांच्याबद्दल आदर होता. ते म्हणाले, "त्यांचं गिऱ्हाईक तिथे राहायला आलेलं होतं. डाळ, मसाला, लोणचं लागणारी माणसं दुबईत होती, म्हणून दुबई बरोबर. तुझं गिऱ्हाईक तिथे नाही. कर वाचतो म्हणून जाशील, पण कर लागायला आधी नफा व्हावा लागतो." देश चांगला की वाईट असं ते कधी बोलत नसत. कुणाच्या कोणत्या मालासाठी, हे त्यांचं पहिलं वाक्य असे.

इथिओपियाबद्दल त्यांचा आणखी एक आक्षेप होता आणि तो बँकेतल्या माणसालाच सुचावा असा होता. तिथला व्यापारी तुला बिर देईल, डॉलर कोण देईल? त्या देशात परकीय चलनाची इतकी टंचाई होती की आयातदारांना डॉलरसाठी महिनोन्‌महिने रांगेत थांबावं लागे. नफा ताळेबंदात दिसेल, कोल्हापूरला येणार नाही, असं ते म्हणाले. २०१८च्या एप्रिलमध्ये अबी अहमद पंतप्रधान झाले होते आणि सगळीकडे त्या देशाचं कौतुक चाललं होतं. साहेबांनाही त्या लोकांबद्दल आशा वाटत होती, पण लहान कारखानदाराने दुसऱ्याच्या आशेवर भांडवल लावू नये असं त्यांचं म्हणणं होतं. २०२०च्या नोव्हेंबरात टिग्रेचं युद्ध सुरू झालं.

रवांडाच्या बाबतीत त्यांनी नकाशा पुढे ओढला. माझं यंत्र म्हणजे लोखंड. वजनाचा माल. किगालीला समुद्र नाही. मोंबासाला उतरलेला माल केनिया आणि युगांडा ओलांडून जाणार, नाहीतर दार एस सलामहून टांझानियातून. कुठूनही गेलं तरी रस्ता दीड हजार किलोमीटरच्या आसपास. "नोंदणी एका दिवसात होईल रे," ते म्हणाले, "पण कंटेनर? दोन शेजाऱ्यांची मर्जी सांभाळायला तुझ्याकडे काय आहे?" मला तेव्हा ही म्हाताऱ्या माणसाची फाजील काळजी वाटली होती. २०१९च्या फेब्रुवारीअखेर रवांडा आणि युगांडाचं बिनसलं आणि त्या वाटेवरचा मुख्य गटुना नाका बंद झाला. तो पुन्हा उघडला २०२२च्या जानेवारीअखेर. नाका बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मी धावत राजारामपुरीला गेलो. मी सांगितलं होतं ना, असं साहेब म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "नाक्यावर अडकलेल्या ट्रकवाल्यांचं काय झालं असेल?"

खरं शिक्षण यानंतरचं आहे.

केनियावर बोट ठेवायच्या आधी साहेबांनी मला कंपालाची हकिगत सांगितली. १९७२च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. दुकानं, गिरण्या, घरं जिथल्या तिथे टाकून हजारो कुटुंबं गेली. १९८६ मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले आणि पुढे त्यांनी या लोकांना परत बोलावलं. नव्वदच्या दशकात मालमत्ता परत मिळू लागल्या, तेव्हा साहेब कंपालाच्या शाखेत होते. एक वृद्ध गुजराती गृहस्थ पत्र्याची पेटी घेऊन त्यांच्या टेबलासमोर येऊन बसले. पेटीत दुकानाचे दस्त, घरपट्टीच्या पावत्या, जुनं पासबुक. वीस वर्षं लंडनमध्ये ती पेटी त्यांनी पलंगाखाली सांभाळली होती. खातं उघडायच्या अर्जावर सही करताना त्यांचा हात थांबला आणि ते बराच वेळ बोलत राहिले. आपल्या दुकानात एवढी वर्षं काम केलेल्या युगांडी माणसाच्या घरी आपण एकदाही गेलो नव्हतो, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं.

साहेब पुढे म्हणाले ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. "अमीनने केलं ते पाप होतं, त्याला कसलंच समर्थन नाही. पण परक्या देशात दुकान मांडणाऱ्याने एक विचारावं, आपण आलो म्हणून इथल्या कुणाचं बरं झालं आणि कुणाचं वाईट?"

मग त्यांनी विचारलं, "केनियात आज कडबाकुट्टी कोण बनवतं?"

माझी समजूत होती, कुणी नाही. ते माझं अज्ञान होतं. नैरोबीत गिकोंबा, कारिओबांगी या भागांत उघड्यावर पत्रा ठोकणारे, वेल्डिंग करणारे हजारो कारागीर आहेत. तिथे त्यांना 'जुआ काली' म्हणतात. भंगारातल्या अँगल आणि पत्र्यापासून ते चुलीपासून ढकलगाडीपर्यंत सगळं बनवतात, कडबाकुट्टीसुद्धा. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकेकाळी जशी माणसं होती तशीच ती. आमचं पक्कं यंत्र स्वस्तात तिथे उतरवलं तर पहिला मार त्यांच्यावर बसणार होता. "त्यांच्या पोटावर पाय देऊन त्या देशात शिरू नकोस," साहेब म्हणाले. "त्यांना काय जमत नाही ते बघ आणि तेवढंच घेऊन जा."

त्यांना सांगाडा उत्तम जमत होता. जमत नव्हती ती टिकाऊ पाती, कारण पात्याला पाणी द्यायची भट्टी त्यांच्याकडे नव्हती, आणि गिअर व फ्लायव्हीलचं ओतकाम. ओतकाम तर कोल्हापूरच्या फौंड्र्यांचं घरचं काम. तेव्हा ठरलं की पाती, गिअरबॉक्स, फ्लायव्हील आपण न्यायचं आणि बाकी अंग तिथल्या कारागिरांकडून करून घ्यायचं. यात माझा धंदाही सावरला, कारण अर्ध्याहून जास्त वजनाचं भाडं वाचलं. पण साहेबांनी ते सुचवलं होतं भाड्यासाठी नव्हे.

केनियाची मला भीती होती. २००७च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर तिथे हजाराहून जास्त माणसं मारली गेली होती, युगांडाकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे बंद पडली होती. साहेबांनी ती भीती उडवून लावली नाही. दर पाच वर्षांनी निवडणुकीच्या आधी गोदामात माल कमी ठेवायचा, एवढं वहीत लिहून घ्यायला लावलं. मग त्यांनी २०१७ची आठवण दिली. त्या वर्षी १ सप्टेंबरला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली होती, तीही सत्तेवर असलेल्या अध्यक्षाने जिंकलेली. आफ्रिकेत असं पूर्वी घडलं नव्हतं. "ज्या देशात न्यायाधीश एवढं करू शकतात," ते म्हणाले, "तिथे तुझा न वटलेला चेक निदान ऐकला तरी जाईल." कायद्याचं राज्य म्हणजे काय हे मला शाळेत कळलं नव्हतं, ते या एका वाक्याने कळलं.

ते स्वतः माझ्याबरोबर येऊ शकले नाहीत, गुडघे साथ देत नव्हते. पण काय करायचं ते सांगून पाठवलं. हॉटेलात बैठका घेत बसू नकोस, पहाटे दूध संकलन केंद्रावर जाऊन उभा राहा.

कियांबूतल्या एका केंद्रावर मी उभा राहिलो. जुलैचा महिना होता. विषुववृत्ताजवळच्या देशात एवढी थंडी असते हे मला ठाऊक नव्हतं. धुकं इतकं होतं की शेजारचा चहाचा मळा दिसत नव्हता. बायका ॲल्युमिनियमच्या किटल्या घेऊन रांगेत होत्या. कारकून लॅक्टोमीटर बुडवत होता, आकडा वहीत चढवत होता, किटली रिकामी करून परत देत होता. त्यातल्या एका बाईने मला तिच्या घरी नेलं, संस्थेतला एक मुलगा दुभाष्या म्हणून आला. दारात दोन गाई. तिने हत्तीगवताचा भारा पाठीवरून उतरवला. तो कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने तोलून आणलेला होता, पट्ट्याचा वळ तिच्या कपाळावर उमटलेला दिसत होता. एका ओंडक्यावर गवत धरून कोयत्याने ती बोटभर लांबीचे तुकडे करू लागली. डाव्या हाताची तर्जनी अर्धी नव्हती.

मी चित्रं दाखवली, किंमत सांगितली. तिने किमतीबद्दल काही विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, पातं बोथट झालं तर धार कुठे लावून मिळेल? दुसरा, हात आत जाऊ नये म्हणून काय केलं आहे? आणि तिसरा, पैसे दुधाच्या हिशोबातून महिन्याला थोडे थोडे कापून घेता येतील का?

तिसऱ्या प्रश्नाला माझ्या पोटात काहीतरी हललं. मी गोकुळ दूध संघाच्या मुलखात वाढलो. सरकी पेंडीचे पैसे दहा दिवसांच्या दूधबिलातून कापून घेतलेले आणि उरलेल्या पैशांत आईने घर चालवलेलं मी लहानपणापासून पाहिलं होतं. समुद्रापलीकडची ही बाई त्याच हिशोबाने जगत होती. केनियातल्या दूध संस्थांत अशा कपातीची रीत जुनी आहे. खाद्य, औषध, बियाणं सगळं त्यातून मिळतं. त्या संस्थेची हमी असेल तर मला उधारीची भीती बाळगायचं कारण नव्हतं. साहेबांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं आणि विसरलो असतो. त्यांनी मला तिथे उभं केलं.

तिच्या तीन प्रश्नांवर आमचा केनियातला धंदा उभा आहे. धार लावायचं यंत्र आम्ही आधी पाठवलं, कडबाकुट्टी नंतर. वैरण आत सरकवणाऱ्या रोलरपुढचं संरक्षक झाकण आम्ही बदललं, आणि तेच झाकण आता कोल्हापुरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रावरही असतं. ते आधीच असायला हवं होतं.

कागदांच्या बाबतीत साहेब कडक होते. माझी फर्म वडिलांच्या वेळची, मालकीची. तिचं प्रायव्हेट लिमिटेड केल्याशिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांतून बाहेर गुंतवणूक सरळ होणार नाही, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. तरी कंपनी लगेच काढू दिली नाही. आधी निर्यात कर, दोन पावसाळे माल विकून बघ, मग तिथे पाटी लाव. निर्यातीवर ईसीजीसीचा विमा घ्यायला लावला. हप्ता मला जड वाटला होता. नैरोबीतल्या एका व्यापाऱ्याने पैसे बुडवले तेव्हा त्या विम्याने आमची दिवाळी तरली. बाहेर पाठवलेल्या भांडवलाचा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरच्या आत बँकेत गेला पाहिजे, यासाठी ते नोव्हेंबरपासून फोन करत. केनियात परदेशी माणसाला जमीन मालकीने मिळत नाही. २०१०च्या राज्यघटनेनुसार फार तर नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. गुंतवणूकदाराच्या परवान्याला एक लाख डॉलरचं भांडवल दाखवावं लागतं. या गोष्टी सल्लागाराच्या फाइलमध्येही होत्या, पण बारीक अक्षरांत, शेवटच्या पानांवर. साहेबांनी त्या पहिल्या पानावर आणल्या. आत जायच्या आधी बाहेर कसं पडायचं ते लिहून काढ, असं ते म्हणत. कंपनी बंद करायला किती वेळ लागतो, कामगारांना काय द्यावं लागतं, उरलेले पैसे कोणत्या वाटेने परत येतात. दर शुक्रवारी निघणारं तिथलं सरकारी राजपत्र वाचायची सवय त्यांनीच लावली. कुठल्या कंपन्या अवसायनात निघाल्या हे त्यात छापून येतं, आणि एखाद्या देशात धंदे कशाने बुडतात हे त्यावरून हळूहळू उमगतं.

२०१९च्या अखेरीस नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात भाड्याच्या शेडवर आमची पाटी लागली. फोटो घेऊन मी राजारामपुरीला गेलो. बरोबर एक पाकीट नेलं होतं. साहेबांनी फोटो ठेवून घेतला आणि पाकीट परत केलं. मी फार आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "तुझ्यानंतर कुणी विचारायला आला तर त्याला वेळ दे. घाईत बोलू नकोस त्याच्याशी."

तीन-चार महिन्यांत करोना आला. मार्चअखेर केनियात संचारबंदी लागली, पुढे नैरोबीतून बाहेर जायलाही बंदी झाली. सहा महिने एक यंत्र विकलं नाही तरी भाडं आणि पगार देता येईल एवढी रक्कम तिथल्या बँकेत वेगळी ठेव, असं साहेबांनी बजावलं होतं. ती रक्कम त्या उन्हाळ्यात पुरली. तिथल्या एकाही माणसाला घरी पाठवावं लागलं नाही. हे त्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे ते थोडा वेळ गप्प होते, मग जेवणखाण विचारून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्याशी झालेल्या शेवटच्या काही बोलण्यांपैकी ते एक.

ते गेल्यावर चार महिन्यांनी, २०२१च्या सप्टेंबरात, जागतिक बँकेने ती व्यवसायसुलभतेची क्रमवारीच बंद केली. आकड्यांमध्ये फेरफार झाल्याचं बँकेच्याच चौकशीत निघालं होतं. माझ्या फाइलमधलं ते लाल रेघेचं पान अजून आहे. ही बातमी त्यांना सांगायला मिळाली नाही.

त्यानंतरची परीक्षा त्यांच्याशिवाय द्यायची होती. केनियाचा शिलिंग डॉलरला शंभरच्या आसपास असायचा. २०२४च्या जानेवारीत तो एकशे साठपर्यंत घसरला. पूर्ण यंत्र इथून नेत असतो तर आमची किंमत त्या बाईच्या आवाक्याबाहेर गेली असती. अंग तिथेच, शिलिंगमध्ये बनत होतं म्हणून निभावलं. त्याच वर्षी जूनमध्ये नव्या करांविरुद्ध तरुण रस्त्यावर आले. २५ जूनला संसदेत घुसले, माणसं मारली गेली, शेवटी सरकारने विधेयक मागे घेतलं. त्या दिवसांत मी कोल्हापुरात होतो आणि मला झोप नव्हती. शेडमधल्या फोरमनने फोन करून सांगितलं की काळजी करू नका, आपले सांगाडे करणारे वेल्डर रात्री फाटकाशी बसलेले आहेत. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

मी फार मोठा उद्योजक झालेलो नाही. नैरोबीत एक शेड आहे, थोडी माणसं आहेत, दर महिन्याला काही यंत्रं विकली जातात आणि नफा रीतसर कोल्हापूरला येतो. यातला कोणता निर्णय माझा होता असं मला कुणी विचारलं तर उत्तर देता येणार नाही. प्रश्न साहेबांचे होते, उत्तरं त्या डोंगरातल्या माणसांनी दिली. मी मधे होतो.

साहेबांनी जे मागितलं ते अजून पुरतं फिटलेलं नाही. उद्यमनगरात, कुपवाडला, इचलकरंजीला माझ्यासारखे कितीतरी जण आहेत ज्यांच्या कपाटात परदेशाची फाइल पडून आहे. व्हिएतनामला जायचं की घानाला, की कुठेच नाही, हे मला सांगता येणार नाही. पण साहेबांनी मला विचारलं तसं मी विचारू शकतो आणि घाई करणार नाही. ज्याला वाटेल त्याने शिरोलीला यावं. शनिवारी दुपारनंतर मी कारखान्यात असतो.